दुसरी बाजू धर

लातूरला कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली, अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी उभी असायची. शनिवारी माझी शाळा सकाळची. दुपारी मी तिथे गेलो की अण्णा काळा कोट काढून सीटवर ठेवायचे, बाह्या दुमडायचे आणि म्हणायचे, "दुसरी बाजू धर." बॉनेटच्या दोन्ही अंगांना एकेक कडी होती. उजवीकडची ते उघडायचे, डावीकडची मी. मग दोघांनी मिळून उचललं की बॉनेट काचेपासून सुटायचं आणि दिवे, जाळी, दोन्ही मडगार्ड असं सगळं बरोबर घेऊन पुढे बंपरकडे कलायचं. गाडीचं पुढचं अंग उघडं व्हायचं. पुढची दोन्ही चाकं, त्यांच्या स्प्रिंगा, स्टेअरिंगचे दांडे, इंजिन, रेडिएटर, बॅटरी, सगळं डोळ्यांपुढे. पक्षकार, कारकून, चहावाला पोऱ्या, सगळे भोवती जमायचे. अॅम्बेसेडरचं बॉनेट उघडलं तर विहिरीत डोकवावं तसं आत वाकावं लागतं. इथे वाकायचं कारणच नव्हतं. अण्णा पुढच्या टायरवर बैठक मारून प्लग घासायचे, आणि बघणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी विचारायचंच, "वकीलसाहेब, हे काय हाय?" अण्णा सांगायचे. हा कार्बोरेटर, हा डायनॅमो, ही पंख्याची पट्टी. जुन्या खटल्यातले साक्षीदार आठवावेत तसे ते एकेक भाग नावानिशी सांगत.

ती गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. १९६६ सालची, दोन दारांची, सायीच्या रंगाची. अण्णांनी ती १९७१ साली हैदराबादहून जुनी घेतली. आज ती माझ्याकडे आहे आणि चालते.

पुढच्या पानांत नांदेड आणि लातूर या दोन गावांतल्या अशा गाड्यांच्या आठवणी आहेत. काही मालकांच्या आहेत, काही ड्रायव्हरांच्या, पण सगळ्यांत जास्त मिस्त्रींच्या. मी त्या त्यांच्या दुकानात बसून वहीत उतरवून घेतल्या. बहुतेकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, ते मी पाळलं आहे. वाचकाला पहिला प्रश्न पडेल तो असा की, मोटारींच्या आठवणी मुंबई-पुण्याच्या असाव्यात, कारखाने तिकडे, श्रीमंती तिकडे. मराठवाड्याच्या या कोपऱ्यातल्या चार जुन्या गाड्यांसाठी पुस्तक कशाला? त्याचं उत्तर द्यावं म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आधी घराण्याविषयी. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेल्या कितीतरी गाड्या मुळात इंग्लंडच्या होत्या, हे आपल्या ध्यानात येत नाही, इतक्या त्या आपल्या झाल्या. अॅम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या आधीची लँडमास्टर हीसुद्धा ऑक्सफर्डच, एक पिढी जुनी. त्यांच्याहून लहान ती बेबी हिंदुस्थान. ती मॉरिस मायनर. अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही मायनर १९४८ साली आली आणि दहा लाख खपणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली. या तिन्ही कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनत. शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभा केला, पण तिथे आधी अमेरिकन आणि मग इटालियन घराण्याच्या गाड्या निघाल्या. म्हणजे इंग्रजी घराणं आमच्याकडे आलं ते बंगालकडून आणि मद्रासकडून. मद्रासचं घराणं स्टँडर्डचं. कोव्हेंट्री गावात १९०३ साली निघालेली ही कंपनी, ट्रायम्फ हे नाव तिनं दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी विकत घेतलं. इंग्लंडात जी ट्रायम्फ हेराल्ड, ती १९६१ पासून मद्रासेत स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनू लागली.

आमच्या भागाला लहान इंग्रजी यंत्राचं अप्रूप नव्हतं. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीच पोचली होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ती अडीच फुटी रुळांची गाडी. एवढ्याशा रुळांवर केवढं ओझं वाहता येतं ते त्यानं दाखवलं, आणि लातूरच्या गंजातली गळिताची धान्यं आणि डाळी त्याच गाडीनं बाहेर गेल्या. रस्त्यावरही तसंच. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली रस्ता वाहतुकीचं खातं काढलं, २७ बसगाड्यांनिशी, आणि त्या अल्बियन जातीच्या, स्कॉटलंडच्या होत्या. माझे आजोबा अल्बियन हा शब्द 'अल्बेन' असा उच्चारत आणि तो त्यांच्या तोंडी बस या अर्थीच होता. निजामाचं हैदराबाद संस्थान, आमच्या भागासकट, १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं. पुढे सरकारनं ठरवलं की जे कारखाने इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम हाती घेतील तेवढेच टिकतील. मग देशाला मोजून तीन ठिकाणच्या मोटारी उरल्या, आणि नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची. जिल्ह्याच्या गावी डॉक्टर, वकील, अडते यांच्याकडे गाडी यायची ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची. तिच्याबरोबर छापील पुस्तिका आली तर आली, नाहीतर ती गाडी खोलूनच समजून घ्यायची.

आता हेराल्ड अशी उघडी-मोकळी का होती, त्याची गोष्ट. मला ती फार मोलाची वाटते. पन्नासच्या दशकात जगात ठिकठिकाणी मोटारीचं अंग आणि सांगाडा एकच, एका कवचासारखा बनू लागला होता. स्टँडर्डलाही तेच करायचं होतं. पण तिला अंग पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं विकत घेतला. आता अख्खं कवच कोण बनवून देणार? तेव्हा हॅरी वेबस्टर या इंजिनिअरच्या चमूनं मागे वळून जुनी रीत धरली. खाली स्वतंत्र पोलादी चासी, आणि तिच्यावर तुकड्या-तुकड्यांनी बोल्ट मारून बसवायचं अंग. तुकडे वेगवेगळ्या लहान कारखान्यांत होतील आणि शेवटी एका जागी जोडले जातील. इटलीतल्या तुरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी त्या तुकड्यांना रूप दिलं. एप्रिल १९५९ मध्ये गाडी लोकांपुढे आली. रीत जुनी होती, तरी तिच्यात एक सोय आपोआप आली. मोठाले प्रेस नसलेल्या देशातही हे तुकडे पेट्यांत भरून पाठवता येत आणि तिथे पान्यांनी जोडता येत. जे पान्यानं जोडता येतं ते पान्यानं खोलताही येतं. कोव्हेंट्रीतल्या एका अडचणीतून निघालेला हा मार्ग मद्रासवरून येऊन नांदेडच्या गॅरेजात असा कामाला आला.

कसा, ते मिस्त्रींच्या शब्दांत पुढे येईलच. इथे एवढंच सांगतो. बैलगाडीचं जू लागून मडगार्ड चेपलं, तर ते सोडवून ऐरणीवर नेता येत होतं. गाडी तिथेच उभी. दार नीट लागेना, तर अंग आणि चासी यांच्या मधली पत्ती कमी-जास्त केली की बसलं. लोहा गावाच्या रस्त्यावर धक्के खाऊन खाऊन तुकडे एकमेकांवर वाजू लागत, तेव्हा नांदेडचे मिस्त्री जोडांमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घालत. माझ्या गाडीत अजून तशा दोन पट्ट्या आहेत. त्या मी काढल्या नाहीत, काढणारही नाही.

आईचं माहेर नांदेडचं, वजिराबादेतलं. त्यामुळे दिवाळी आणि उन्हाळा अशा वर्षातून दोन खेपा ठरलेल्या. लातूर ते नांदेड सुमारे १४५ किलोमीटर. गंजगोलाईला वळसा घालून, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात तिथून आमचा एक रस्ता पकडायचा, आणि मग आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळेगाव, लोहा. शेवटी गोदावरीचा पूल. आज हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे, तुळजापूरहून निघून यवतमाळवरून बुटीबोरीला जाणारा, आणि अडीच तासांत माणूस नांदेडला पोचतो. तेव्हा आम्ही पहाटे निघायचो आणि आजीकडे जेवायला पोचलो तरी आई देवाचे आभार मानायची.

हेराल्ड चालवणं हे शिकून घ्यावं लागतं. इंजिन ९४८ सीसीचं, चार दट्ट्यांचं. आजच्या मोटारसायकलवाल्याला त्याची शक्ती ऐकून नवल वाटेल, पस्तीसेक अश्वशक्ती. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. म्हणजे गाडी पुरती थांबलेली असेल तरच पहिला गिअर गुमान पडतो. चढावर वेग मरत आला आणि पहिला हवा झाला तर क्लच दोनदा मारावा लागतो: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अॅक्सिलरेटरला एक हलकी थाप द्या, पुन्हा क्लच दाबा, आणि दांडा सरकवा. जमलं तर लोण्यातून सुरी फिरावी तसा गिअर पडतो. चुकलं तर सगळ्या गावाला कळतं. अण्णांनी मला हे बार्शी रोडला, गावाबाहेर, शिकवलं. पंधरा दिवस मला दुसरं काही करूच दिलं नाही. ते म्हणायचे, "कान इंजिनाकडे, डोळे रस्त्याकडे." आजही अहमदपूरच्या अलीकडच्या चढावर, बालाघाटाचे उंचवटे लागले की माझा डावा पाय आपोआप दोनदा हलतो.

मागची चाकं ही हेराल्डची दुसरी खूण. दोन्ही चाकं आपापल्या अर्ध्या आसावर सुटी हलतात आणि त्यांच्यावर आडवा एकच पाट्यांचा स्प्रिंग असतो. गाडी जॅकवर घेतली की चाकं आत मुडपतात, कोंबडी उचलली की ती पाय पोटाशी घेते तशी. उलट डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं आणि मागे तिघं बसले की चाकं फाकतात. रिकाम्या गाडीनं वळणात जोरात शिरून मध्येच अॅक्सिलरेटर सोडला तर मागचं बाहेरचं चाक आत दुमडायला बघतं आणि गाडीचा मागचा भाग भिरकावल्यासारखा होतो. म्हणून शिस्त अशी, की वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, आणि वळणात पाय हलका ठेवायचा पण सोडायचा नाही. मद्रासवाल्यांनी पुढे गॅझेल नावाची आवृत्ती काढली तिच्यात हा आस बदलून साधा, अखंड केला. पुष्कळांना तो बदल आवडला. मला विचाराल तर जुन्या आसाची गाडी चालवणाऱ्याला जागं ठेवते, आणि रस्ता कसा आहे ते कमरेला सांगते.

तिचं खरं कौतुक गल्लीत कळायचं. पंचवीस फुटांच्या घेरात ती पूर्ण वळते. चाकं एवढी कलतात की बघणाऱ्याला वाटावं काहीतरी मोडलं. नांदेडच्या इतवाऱ्यात मामांच्या दुकानापुढे, जिथे टांगेवाला उतरून घोड्याला हातानं वळवायचा, तिथे अण्णा एका दमात गाडी फिरवायचे आणि ओट्यांवर बसलेली म्हातारी माणसं मान डोलवायची.

उन्हाळ्याविषयी सांगितल्याशिवाय आमच्या भागातल्या कुठल्याच यंत्राची हकीगत पुरी होत नाही. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश. इंजिनाला लागून असलेला पेट्रोलचा छोटा एसी पंप तापतो, नळीतलं पेट्रोल वाफ होतं आणि गाडी हवा धरते. सुरळीत चाललेली गाडी दोन आचके देऊन गप्प. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. सगळे हेराल्डवाले, बेबीवाले, अॅम्बेसेडरवालेसुद्धा एक फडकं आणि पाण्याचा डबा घेऊन निघत. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचं. रेडिएटरसाठी वेगळं पाणी.

१९७३ च्या उन्हाळ्यात, बहात्तरच्या दुष्काळाचं दुसरं वर्ष, आम्ही शिरूर ताजबंदच्या पुढे असेच थांबलो. रस्त्याकडेला दुष्काळी काम चालू होतं. बायामाणसं खडी फोडत होती, डोक्याला फडकी बांधून. अण्णांनी बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण अजून हात लावू देत नव्हतं. पाच लिटरचा डबा त्यांनी खाली ठेवला होता. एक बाई कडेवर पोर घेऊन आली आणि डब्याकडे बघत राहिली. मागितलं नाही तिनं. अण्णांनी डबा उचलून तिच्या हातात दिला. मग आणखी दोघीतिघी आल्या. डबा रिकामा झाला. आम्ही तसेच बसलो, ऊन उतरेपर्यंत, गाडीच्या सावलीत, त्या मजुरांच्या मुलांबरोबर. संध्याकाळी कामावरचा टँकर आला. सगळ्यांच्या घागरी भरून झाल्यावर मुकादमानं आम्हाला हाक मारली. अण्णांनी डबा अर्धाच भरून घेतला. नांदेडला आम्ही रात्री दहाला पोचलो. त्या दिवशी मला गाडीच्या पाण्याचं मोल माणसांच्या पाण्यावरून कळलं, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती बार्शी लाइटच्याच जुन्या वाटेनं, तेव्हा सगळ्यात आधी मला तो डबा आठवला.

आता नांदेडचे उस्ताद. या पुस्तकाचा मोठा भाग त्यांचा आहे. नांदेडला ट्रकांचा धंदा जुना. सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे शिखांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची, त्यांच्यात वाहतूकदार पुष्कळ. मिस्त्रींमध्ये मुसलमान पुष्कळ. गॅरेजातली भाषा दखनी, हत्यारांची नावं इंग्रजी-मराठी-उर्दू अशी मिसळलेली. आमचे उस्ताद ट्रकच्या कामात वाढलेले. आमची गाडी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी हेराल्ड उघडलेलीही नव्हती. सगळं बॉनेट पुढे कललेलं बघून ते बराच वेळ नुसते उभे राहिले, मग टायरवर बसले आणि म्हणाले, "ये तो खुली किताब है." मग त्यांनी ती वाचायला घेतली.

पुढच्या चाकांच्या बुडाशी एक पितळी तुकडा असतो, ट्रनियन म्हणतात त्याला. चाकाचा उभा पोलादी दांडा खालच्या टोकाला आट्यांचा असतो आणि तो या पितळेत फिरतो. स्टेअरिंग वळवाल तेव्हा तो दांडा स्क्रूसारखा या पितळेत थोडा वर-खाली होतो. सगळ्या गाडीत मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो, आणि तोच सर्वांत नाजूक. कारण त्याला ग्रीस चालत नाही, तेल लागतं, गिअरबॉक्सचं नव्वद नंबरचं दाट तेल. ग्रीस भरलं तर ते आट्यांत बसून वाळतं, खाली पाणी आणि धूळ शिरते, पोलाद गंजतं आणि एक दिवस दांडा तुटून चाक आडवं पडतं. मिस्त्रीच्या हाताला सवय असते ग्रीसगनची. दिसलं निपल की मारा ग्रीस. लातूरच्या एका गॅरेजात आमच्या गाडीला वर्षभर तसंच झालं. १९७८ साली, लोह्याच्या अलीकडे, अगदी हळू, खड्डा चुकवताना डावं चाक आत मुडपलं. कुणाला लागलं नाही. ट्रकवर घालून गाडी उस्तादांकडे नेली. त्यांनी तुटलेलं टोक तळहातावर घेतलं. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळा-तांबूस होता, जुना चिरा. अर्धा चकचकीत, त्या दिवशीचा. त्यांनी ते मला दाखवलं, नखानं ती सीमा दाखवली आणि म्हणाले, "ग्रीस नक्को डालो, इसकू तेल होना." त्यांच्याकडे पुस्तिका नव्हती. वाळलेलं ग्रीस आणि चिऱ्याचा रंग बघून ते तिथल्या तिथे हे समजले. बऱ्याच वर्षांनी मला हेराल्डची इंग्रजी पुस्तिका मिळाली, तीत हेच लिहिलं होतं, तेलाच्या जातीसकट.

नवा दांडा हैदराबादच्या राणीगंजात मिळाला. पितळी ट्रनियन मिळाला नाही. उस्तादांनी दोन्ही बाजूंचे ट्रनियन शेजारच्या लेथवाल्याकडून करवून घेतले, आटे कापून, तीन वेळा बसवून बघून. त्यातला उजव्या बाजूचा आजही गाडीत आहे. मी हे सगळं एवढं लांबवून का सांगतो आहे? कारण नांदेड-लातूरमध्ये या गाड्या टिकल्या त्या कारखान्याच्या जोरावर नाहीत. मद्रासचा कारखाना १९७७ च्या सुमारास गॅझेल बंद करून बसला, ऐंशीच्या दशकात त्यानं एक मोठी गाडी काढून पाहिली आणि १९८८ मध्ये कायमचा मिटला. त्यानंतर इथल्या हेराल्ड चालल्या त्या या माणसांच्या बोटांवर. त्यांनी एका परक्या यंत्राचा कस समजून घेतला आणि जे मिळत नव्हतं ते स्वतः केलं. हे ज्ञान कुठेही लिहिलेलं नाही. शाळेत शिकवलं गेलं नाही. आयटीआयच्या कुठल्या धड्यात नाही. ते लिहून ठेवलं पाहिजे, म्हणून हे पुस्तक.

आठवणी गोळा करताना एक गोष्ट लक्षात आली. गाडी किती पळायची हे कुणी फारसं सांगत नाही. तिच्यातून काय नेलं ते सगळे सांगतात. बाळंतिणीला नेलं. बी-बियाणं नेलं. माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या दर्शनाला नेलं. मलाही विचारलंत तर ३० सप्टेंबर १९९३ आठवतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या आधी भूकंपानं जमीन हलली. लातूरला आम्ही सगळे रस्त्यावर आलो, आणि उजाडता उजाडता किल्लारीकडून बातमी आली. अण्णा तेव्हा सत्तरीला आलेले. आम्ही मागची सीट काढून टाकली, डिकीत पाण्याचे डबे, आत घोंगड्या आणि घरात होतं तेवढं खायला, आणि औशावरून किल्लारीला निघालो. जाताना सामान, येताना जखमी. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला रस्त्यावर लष्कराच्या गाड्या होत्या, आम्हाला कडेला थांबवलं. अण्णा स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. घरी आल्यावर सीट परत बसवायला त्यांनी आठ दिवस हात लावला नाही. त्या दिवसाविषयी ते नंतर कधी बोलले नाहीत, मीही इथे यापुढे लिहीत नाही.

आता आजचं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आमच्याच भागातल्या उसाच्या मळीचंही त्यात असेल. जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून मी नळ्या आणि पंपातला पडदा नव्या जातीच्या रबराचा घातला आहे. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आधी हे करा, रंगकाम नंतर. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात 'व्हीए' अक्षरं असलेली. जुन्या गाड्यांना मान मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या नोंदणीच्या गाडीला रोजच्या रस्त्यावर फिरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती बाहेर काढता येते. मी ती घेतली नाही. ही गाडी वापरात राहिली म्हणून राहिली. ती पाहुणी होऊन बसली की तिला समजून घेणारा हातही बसून जातो, असं माझं मत आहे, आणि पुढच्या पानांतल्या काही मालकांना ते मान्य नाही. त्यांचं म्हणणंही छापलं आहे.

वाचकांना एक विनंती. मिस्त्रींच्या बोलण्यातले शब्द मी बदललेले नाहीत. दट्ट्या, पाटे, पत्ती, एसी पंप, हवा धरणं, आणि त्यांची दखनी, सगळं जसंच्या तसं आहे. दोन मिस्त्री एकाच कामाची दोन वेगळी रीत सांगतात तिथे दोन्ही ठेवल्या आहेत. त्यांत कुठली बरोबर ते ठरवायची माझी पात्रता नाही. मी दोन्ही करून पाहिल्या, दोन्हींनी गाडी चालली.

हे लिहून होण्याच्या आधी एकदा नांदेडला जाऊन आलो. उस्ताद आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना दिसत नाही. मी गाडी दुकानापुढे लावली तर आवाजावरून त्यांनी ओळखली आणि खुर्चीवरून उठले. नातवानं त्यांना हात धरून आणलं. बॉनेट उघडलं. उस्ताद चाचपडत टायरपर्यंत आले, बसले, हात खाली घालून ट्रनियनच्या कडेला बोट फिरवलं, बोटाचा वास घेऊन पाहिला. तेल होतं. मग म्हणाले, चालू कर. मी सेल्फ मारला. ते मान तिरकी करून ऐकत राहिले, बराच वेळ, रस्त्यावरून रिक्षा जात होत्या तरी. मग तिसऱ्या दट्ट्याकडे हात करून म्हणाले, पिछली टॅपेट ढीली है.

लातूरला आलो. इंजिन रात्रभर गार होऊ दिलं. सकाळी फट मोजायची दहा थाउजंडची पत्ती घेऊन टॅपेटचं झाकण खोललं. तिसऱ्या दट्ट्याच्या मागच्या टॅपेटमध्ये ती पत्ती हलत होती. बाकीच्या सातांत घट्ट बसत होती.